धाब्यावरचा माळ

वऱ्हाडातल्या मालेगावच्या भीमनगरात वच्छलाचं घर अगदी शेवटचं होतं. घराच्या मागच्या भिंतीला लागून माळ सुरू व्हायचा, तो थेट वाशीमच्या सडकेपर्यंत. मुरमाड, उताराची जमीन. ती आडतवाल्या गोविंदरावांच्या मालकीची, पण त्यांच्या बापानं किंवा त्यांनी तिला कधी नांगर लावला नव्हता. त्यामुळे ती कोणाची, हा प्रश्न भीमनगरातल्या बायांना कधी पडला नाही. त्या तिथून सरपण आणायच्या, झाडूचं गवत आणायच्या, आखाडात भाजीला तरोट्याचा कोवळा पाला खुडायच्या. पावसाळा सरत आला की माळ फुलायचा. कुर्डूचे गुलाबी तुरे, तिळवणीची पिवळी फुलं, दगडांच्या आडोशाला तेरडा, आणि अगदी जमिनीलगत केन्याचे निळे ठिपके.

बहात्तर साली पावसानं तोंड फिरवलं, शेतं करपली, तेव्हा सुरुवातीच्या दोन सरींवर उगवलेला तरोटा तेवढा माळावर टिकून होता. वच्छला आणि तिचा नवरा देवमन दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायचे. घरी म्हातारी सासू भागिरथा अंथरुणाला खिळलेली. वच्छलानं तरोट्याचा पाला उकडून, त्यात रेशनच्या लाल ज्वारीच्या, मिलोच्या, मूठभर कण्या टाकून तिला जगवलं होतं. पुढे देवमन बांधकाम खात्याच्या गँगमध्ये सडकेवर कायमचा लागला, घरात ज्वारीचं पोतं दिसायला लागलं, तरी वच्छला दर वर्षी पहिला तरोटा खुडायला माळावर जायचीच.

दुष्काळानंतर तिसऱ्या वर्षी, चैत्रात, ती भाकरी टाकत होती तेव्हा मागून माणसांचे आवाज आले. जाऊन पाहते तर दोघं जण माळावर चुन्याच्या फक्कीनं रेघा ओढत होते.

"काय होऊन राह्यलं इथं?" तिनं विचारलं.

"शेठचं गोदाम. अन् सडकेच्या अंगानं दुकानं. परवा टॅक्टर येते, वरची माती खरडून सगळं सपाट करा लागते."

वच्छलानं तवा उतरवून ठेवला, पदर खोचला आणि सरळ बाजारात गोविंदरावांच्या आडतीवर गेली. गोविंदराव गादीवर बसले होते. हरभरा घेऊन आलेले चार-सहा शेतकरी समोर उकिडवे बसलेले.

"शेठजी, माळ सपाट करून राह्यले म्हनते तुमी."

"हो. मंग?"

"आमच्या भिंतीच्या कडेची पट्टी तेवढी राहू द्या. तुमच्या गोदामाले ती लागत नाई."

"अन् तिथं काय करतं तू?"

"काहीच नाई. जे उगवते ते उगवू द्याचं. गवत, तरोटा, फुलं. त्याच्यावर माश्या येतात, पाखरं येतात."

बसलेले शेतकरी हसले. गोविंदराव हसले नाहीत. त्यांना खरोखरच ही बाई वेळ वाया घालवते आहे असं वाटत होतं. "पाह्य बाई, गाव मोठं होऊन राह्यलं. एष्ट्या वाढल्या, बाजार वाढला. अन् तू गवतासाठी माह्या दारात आली? एवढा जीव असन त्या गवतावर, तर घेऊन जाय डोक्यावर. परवानगी दिली तुले."

"नेतो," वच्छला म्हणाली. वऱ्हाडातल्या बायांसारखीच ती स्वतःबद्दल बोलताना 'नेतो', 'येतो' म्हणायची. "चार मान्सांत बोलले तुमी. आता मांगं फिरू नका."

घरी येऊन तिनं कुदळ आणि टोपलं घेतलं. माळाचा वरचा चार बोटांचा थर, वाळलेल्या गवताच्या मुळ्या, त्यात अडकलेलं बी, मुरमाचे खडे, सगळं तिनं टोपल्यात भरलं. मागच्या भिंतीवरून ते थेट वर टाकता आलं असतं. पण पहिलं टोपलं तिनं डोक्यावर घेतलं आणि ती सडकेनं निघाली. एस.टी. थांबत होती तिथून, चहाच्या टपरीवरून, गोविंदरावांच्या आडतीसमोरून. गोविंदरावांनी मान वर केली. वच्छला थांबली नाही, तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. बाजाराला पूर्ण वळसा घालून ती घरी आली, शिडी लावली आणि टोपलं धाब्यावर रिकामं केलं.

भीमनगरातली सगळी घरं तेव्हा धाब्याचीच होती. लाकडाच्या तुळया, त्यावर काटक्या आणि पळसाचा पाला, त्यावर मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात बाया धाब्यावर चढून गेल्या वर्षीचं गवत मुळासकट खुरपून काढायच्या आणि वरून खारी माती पसरायच्या, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. वच्छलानंही नुकतीच खारी माती पसरून चांगली चोपली होती. आता तिच्यावर ती माळ पसरायला लागली.

संध्याकाळी देवमन कामावरून आला, तर बायको छपरावर.

"गावातल्या बाया धाब्यावरचं गवत काढून राह्यल्या, अन् तू गवत चढवून राह्यली? डोकं फिरलं काय तुह्यं?"

"त्यानं म्हटलं ने, तर मी आनलं."

"कोनं म्हटलं?"

वच्छलानं सगळं सांगितलं. देवमन दाराशी बसून पायातल्या चपला काढत होता. डांबरानं त्याचे तळपाय काळे झालेले. त्यानं चपला भिंतीला लावून ठेवल्या. मग म्हणाला, "त्याच्या बोलन्याचा राग मलेबी येते. पन माती भिजली की वजन दुप्पट होते, वच्छले. मी मुरूम टाकतो रोज. मले मालूम हाये. हे घर आपलं हाये, गोविंदरावाचं नाई. पडलं तर आपल्याच डोक्यावर पडन."

"पातळ टाकतो," ती म्हणाली.

पण पातळ काही टाकलं गेलं नाही. ट्रॅक्टर यायच्या आधीचा दिवसभर ती टोपली वाहत राहिली. दर टोपल्याला वाटायचं, हे शेवटचं. ट्रॅक्टर आला तेव्हा तिनं माळाच्या कडेला उभं राहून ते खरडणं पाहिलं आणि ढिगाऱ्यातून आणखी दोन टोपली उचलली. ड्रायव्हर ओरडला. ती म्हणाली, "शेठले विचार."

आषाढात धाब्यावर हिरवं दिसायला लागलं. बाजूच्या तांड्यावरची भुरीबाई मोळी विकायला बाजारात यायची, तेव्हा वच्छलाकडे पाणी प्यायला थांबायची. तिनं मोळी खाली टाकली, कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि मोठ्यानं हसली.

"बाई, तुह्या घराले केस आले वं!"

"येऊ दे. तेल लावीन, येनी घालीन."

शेजारची गोमतीबाई मात्र हसली नाही. तिचं घर वच्छलाच्या घराला चिकटूनच होतं, मधली भिंत एकच. "साप येईन," ती म्हणाली. "अन् आधी माह्या घरात येईन."

"आला तर मले आवाज दे. मी येतो काठी घेऊन."

श्रावण-भाद्रपदात धाबं फुललं. माळावर फुलायचं तसं नाही. काही उगवलंच नाही, काही उगवून जळलं. उतारावर वाढणारा तेरडा एका कोपऱ्यातच धरला. पण तिळवण माजली, कुर्डू गुडघ्याएवढी झाली, आणि पन्हाळीच्या तोंडाशी पाणी साचायचं तिथं केना पसरला. एके दुपारी वच्छला वर गेली तर तिथं एवढ्या माश्या गुणगुणत होत्या की तिनं डोक्यावर पदर घेतला आणि जिथं होती तिथंच बसून राहिली. पिवळी फुलपाखरं, काळी-निळी फुलपाखरं, एक हिरवा चकचकीत भुंगा, नाव माहीत नसलेली कितीतरी लहान लहान पाखरं. खाली गोदामाच्या अंगणात मुरूम कुटत होते. इथं वर हे सगळं जगत होतं, कोणाला न विचारता. तिला फार बरं वाटलं. बरं वाटण्यापेक्षाही, आपण जिंकतो आहोत असं वाटलं.

पोळ्याच्या सुमाराला झड लागली. तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे घरात 'कडाड' आवाज झाला आणि मधली तुळई तडकली. वरून चिखलाची धार थेट भागिरथाच्या बाजेवर.

"माय!" देवमन ओरडत उठला.

"मेली नाई अजून," म्हातारी अंधारातून म्हणाली. "पन माह्यी बाज सरकवा लेकहो. तोंडात चिखल जाऊन राह्यला."

देवमननं आईला उचलून कोरड्या कोपऱ्यात ठेवलं, शेजाऱ्याकडून बाभळीचं खोड आणलं आणि तुळईला टेकू दिला. मग तो वच्छलाकडे वळला. "आता उजेड पडला की सगळं खाली फेकाचं. सगळं. एक काडी वर ठेवाची नाई. माय मेली असती आज."

तो खरं बोलत होता, आणि ते त्यानं चैत्रातच सांगून ठेवलं होतं. ती पावसातच वर गेली. मधला भाग तिनं खोऱ्यानं मोकळा केला, फुललेली तिळवण चिखलासकट खाली लोटली. लोटताना ती रडत होती, पण पावसात कोणाला दिसणार. खारी माती उघडी पडली तिथं तिनं शेणात कालवलेली राख थापली. भिंती मात्र हातभर रुंद, दगडमातीच्या. भिंतींच्या माथ्यावर भार टाकला तर तो तुळईवर येत नाही. तिनं जेवढी मुळं वाचतील तेवढी उचलून चारी बाजूंनी भिंतींच्या माथ्यावर ओळीनं लावली.

देवमननं खालून पाहिलं. मधला भाग मोकळा होता, कडेनं हिरवी चौकट राहिली होती. त्यानं शिडीला हात लावला, पुन्हा सोडला. "भिंतीवर हाये ते राहू दे," एवढंच म्हणाला आणि छत्री घेऊन कामावर गेला. त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

दसऱ्याला गोदामाचं उद्घाटन ठरलं. अकोल्याहून कोणी मोठे पाहुणे येणार होते. गोदामाच्या अंगणातून भीमनगरची शेवटची ओळ समोरच दिसायची, आणि त्यात वच्छलाचं धाबं, कडेनं कुर्डूचे तुरे उभे असलेलं. गोविंदराव स्वतः आले. गोड बोलले. "वच्छलाबाई, झालं ते झालं. या ओळीतल्या साऱ्या घरांवर मी टिना टाकून देतो. माह्या खर्चानं. फक्त हे गवत काढून टाक. पाहुन्यांसमोर बरं नाई दिसत."

लोक जमले होते. घरावर पत्र्याच्या टिना म्हणजे गळती संपली, दर वर्षीची माती संपली. गोमतीबाईच्या चेहऱ्यावर आशा स्पष्ट दिसत होती.

"साऱ्या घरांवर टाका, शेठजी," वच्छला म्हणाली. "माह्या घराले नको."

"ओळ म्हनजे ओळ. एक घर असं अन् बाकीचे तसे, हे चालत नाई."

"मंग नाई चालत तर नाई."

गोविंदराव गेले. गोमतीबाई तिच्या अंगावर धावून आली. "तुह्या चार काड्यांपाई आमी गळक्या घरात राह्यचं? कोन समजतं तू सोताले?"

"गोमतीबाई, त्याले टिना द्याच्या असत्या तर तुह्या घरावर टाकाले माह्या परवानगीचं काय काम होतं?"

गोमतीबाईनं दार लावून घेतलं. तिचंही चुकत नव्हतं. तिच्या घरात पाच ठिकाणी भांडी ठेवावी लागायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी, देवमन कामावर असताना, गोविंदराव दोन मजूर आणि फावडी घेऊन आले. वच्छला अंगणात धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, झरझर शिडी चढली आणि वर पोचताच शिडी ओढून वर घेतली.

"खाली ये!" गोविंदराव म्हणाले.

"खालूनच बोला. ऐकू येते मले."

"हे चाललं काय? साऱ्या गावाले धाब्यावर बसवलं हिनं!"

"गावाले नाई, मी एकलीच बसलो," वच्छला म्हणाली आणि खरोखरच कुर्डूच्या तुऱ्यांमध्ये मांडी घालून बसली. "शेठजी, खालचं तुमचं होतं. तुमी खरडलं, मी हात जोडून पाहत राह्यलो. हे वरचं माह्यं हाये. याले फावडं लावाचं असन तर आधी मले लावा."

मजूर एकमेकांकडे पाहायला लागले. ते दोघंही भीमनगरातलेच होते. एकानं फावडं भिंतीला टेकवून ठेवलं आणि बिडी पेटवली.

बाजारातून परतणारी भुरीबाई गर्दी पाहून थांबली. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि दाराच्या चौकटीत फतकल मारून बसली. तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. "शेठ, घरात म्हातारी झोपली हाये. घरात जाचं असन तर मले उचला."

आतून भागिरथाचा आवाज आला, "झोपली नाई. सगळं ऐकून राह्यली."

लोक हसले आणि गोविंदरावांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात सडकेवरून देवमन येताना दिसला. कोणीतरी त्याला सांगायला धावलं होतं. गर्दीनं वाट करून दिली. पोळ्यापासून नवरा-बायको नीट बोलत नव्हते, हे सगळ्या भीमनगरला माहीत होतं. गोविंदरावांना हायसं वाटलं.

"देवमन, बरं झालं तू आला. समजव तिले. घराची तुळई मोडली तिनं, मी ऐकलं. मान्सानं बायकोले किती डोक्यावर चढवाचं?"

देवमननं खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. वर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. "शेठजी, तुळई मोडली हे खरं हाये. माह्या मायच्या बाजेवर चिखल पडला, हेबी खरं हाये. त्याच्यावरून आमचं भांडन चालू हाये, अन् आनखी चालन. पन ते आमचं भांडन हाये. तुमी फावडं घेऊन त्यात कायले आले?"

"म्हनजे तू तिच्या बाजूनं हायेस?"

"घर माह्यं हाये. माह्या घरावर माह्यी बायको बसली. आता तुमी जा. जय भीम."

गोविंदराव गेले. मजूर त्यांच्या मागे गेले, पण फावडं भिंतीलाच राहिलं, ते नंतर संध्याकाळी चोरासारखं येऊन घेऊन गेले. वच्छलानं शिडी खाली सोडली. देवमन म्हणाला, "उतर आता. भूक लागली मले."

उद्घाटनाच्या दिवशी गोविंदरावांनी भीमनगरच्या बाजूनं उंच कनात बांधली. पाहुण्यांना काही दिसलं नाही. धाब्यावरून मात्र सगळं दिसत होतं. वच्छला, भुरीबाई आणि त्याच ओळीतली नानीबाई भिंतीच्या माथ्यावर बसून भाषणं ऐकत राहिल्या, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या, जरा जास्तच वेळ.

टिना कोणालाच मिळाल्या नाहीत. गोमतीबाई त्या हिवाळ्यात वच्छलाशी बोलली नाही. पुढे कधी बोलायला लागली, तरी तिनं आपलं धाबं खुरपून स्वच्छच ठेवलं, आणि दोन वर्षांनी आपल्या हिमतीवर टिना टाकल्या. वच्छला तिच्या टिना चढवायला मदतीला गेली होती.

देवमननं तो सगळा हिवाळा जुन्या लाकडांचा शोध घेतला. इंझोरीकडे एक जुनं घर पाडत होते, तिथून सागाच्या दोन जाड तुळया बैलगाडीनं आणल्या. का आणल्या, हे तो बोलला नाही. "भार पेलला पाह्यजे," एवढंच म्हणाला. उन्हाळा सरत आला, तुळया बदलायचा दिवस ठरला, दोन माणसं सांगून ठेवली. देवमन सकाळी वर चढला, आणि कर्कश ओरडत एक टिटवी थेट त्याच्या डोक्यावर झेपावली. तो घाईनं खाली आला.

धाब्याच्या एका कोपऱ्यात, माळाच्या खड्यांमध्ये, तिनं अंडी घातली होती. खड्यांसारखीच मळकट, ठिपक्यांची.

"काढून दुसरीकडं ठेव," आलेल्या माणसांपैकी एक म्हणाला.

"हात लावाचा नाई," देवमन म्हणाला.

माणसं परत गेली. आभाळ भरून यायला लागलं, तरी तुळया अंगणात पडून होत्या. देवमन रोज संध्याकाळी टिटवीला शिव्या द्यायचा आणि रोज शिडीवरून डोकावून पाहायचा. ती रोज त्याच्यावर धावून यायची. वच्छला चुलीपाशी बसून हसायची. शेवटी एका सकाळी बोटभर उंचीची पिल्लं धाब्याच्या कडेला आली आणि टिटवीनं खालून हाक मारताच एकेक करून त्यांनी खाली उडी घेतली. कापसाच्या बोंडासारखी ती अंगणात आपटली, उठली आणि गोदामाच्या कुंपणाखालून पळाली.

त्याच दिवशी देवमननं जुनं धाबं उतरवून घर उघडं केलं. तुळया बसल्या. नवा पाला, नवी खारी माती. दोन दिवसांनी वच्छलानं राखून ठेवलेलं बी बाहेर काढलं तर दारात नानीबाई टोपलं घेऊन उभी.

"मले दे ना थोडं. माह्या भिंती जाड हायेत."

"तुह्या नवऱ्यानं काय म्हटलं?"

"त्याले काय इचाराचं?"

नानीबाईच्या मागे आणखी दोघीजणी होत्या. गोदामाच्या ओट्यावरून गोविंदरावांचा मुनीम ओरडून विचारत होता, आता हे सगळ्याच घरांवर चाललं की काय म्हणून. वच्छला शिडीवर अर्ध्यात होती, एका हातात टोपलं. तिनं वळून पाहिलं नाही. खाली उभ्या नानीबाईला म्हणाली, "शिडी धर घट्ट. आभाळ आलं."